आधी काय?

आमच्या बाग सेवनियाच्या घरात सकाळी सातला तीन गोष्टी एकदम होतात. खाली पाण्याची मोटर सुरू होते, दूधवाला बेल वाजवतो आणि मी सामायिकाला बसते. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात उशिरा सुरू झाली. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर, मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा. त्याआधीही मी बसायचे, पण ते बसणं म्हणजे एक कान कुकरकडे आणि एक कान बेलकडे. दोन घटकांचा नियम, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढ्यात मनानं, वाचेनं, कायेनं कशातच पडायचं नाही. ज्यांनी हा नियम घालून दिला त्यांना घर सांभाळायला दुसरं कुणीतरी असणार, असं मी तेव्हा चेष्टेनं म्हणायचे.

ही हकिगत एका रविवारची. फाल्गुन महिना होता. हे अभिषेकाला मंदिरात गेले होते. सासूबाई, म्हणजे आई, वय एक्याऐंशी, आपल्या खोलीत. मी नुकतीच बसले होते. पाच-सात मिनिटांत आईंची हाक आली, "अगं..." मी उठले नाही. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, जरा हळू. तरीही मी उठले नाही. मग तिकडे शांत झालं, आणि मला बरं वाटलं. त्यानंतर धप्प असा आवाज झाला.

आई बाथरूमच्या दारात पडल्या होत्या. मी त्यांना काखेत धरून उठवायला गेले, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या सिस्टर धावत वर आल्या. या मूळच्या केरळच्या, इथल्या एका रुग्णालयात नर्स आहेत. रविवारची मिस्सा असते म्हणून तयार होऊन निघाल्या होत्या. सोनेरी काठाची पांढरी साडी, केसांत गजरा, मुलं खाली स्कूटरजवळ उभी. "हिलाना नहीं, हिलाना नहीं," म्हणत त्यांनी मला बाजूला केलं, आईंच्या पायाशी उशा लावल्या, कुणाला फोन करायचा ते सांगितलं आणि गाडी येईपर्यंत त्याच ओल्या फरशीवर बसून राहिल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं.

संध्याकाळी त्या रुग्णालयात डोकावल्या तेव्हा मी म्हटलं, सिस्टर, तुमची आज प्रार्थना राहिली. त्या सहज म्हणाल्या, "मिस्सा अगले संडे भी है. अम्मा का हड्डी अगले संडे तक रुकता क्या?" बोलून झाल्यावर त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि मला चहा दिला. तो मला जाईना.

मंदिरात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दोन प्रकारचे निवाडे आले. एका ताईंनी सांगितलं, मनाला लावून घेऊ नकोस, नियम मोडायचा नसतो, त्यांचं असाता वेदनीय उदयाला आलं होतं, तू उठली असतीस तरी झालं असतं. दुसऱ्या बाई तोंडावर म्हणाल्या, असलं कसलं सामायिक? दोघींचंही ऐकून घेतलं. पहिल्या निवाड्यानं बरं वाटत होतं म्हणून तो मला संशयास्पद वाटला. दुसऱ्यानं झोप उडाली, पण तोही पुरता पटेना. कारण दर हाकेला उठायचं म्हटलं तर आमच्या वाट्याला सामायिक कधी येणारच नाही. घरात हाका संपत नाहीत.

सिस्टरांच्या घरात भिंतीवर एक तसबीर आहे, मल्याळी अक्षरांची. काय लिहिलंय, मी एकदा विचारलं होतं. त्यांनी आपल्या हिंदीत अर्थ सांगितला तो असा: आधी देवाचं राज्य आणि त्याची धार्मिकता शोधा, मग बाकीचं सगळं जोडून मिळेल. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, सहाव्या अध्यायातलं हे वचन. त्या पडण्यानंतर मला ते 'आधी' सतवायला लागलं. आपलंही तेच म्हणणं ना? धर्म आधी, संसार नंतर. मग धर्म आधी ठेवणारी मी बसून राहिले आणि धर्म आधी ठेवणारी ती मिस्सा सोडून धावत आली, हे कसं? दोघींपैकी एकीचं 'आधी' चुकत होतं.

मराठी बायबल आणून वाचलं. ह्यांनी भुवई उंचावली, एवढंच. वाचकांतल्या कुणाची भुवई उंचावत असेल तर सांगते, माझं देवदर्शन आणि चौविहार जसं होतं तसंच आहे. जगाचा कर्ता कुणी आहे हे मला पटत नाही, आणि 'बाकीचं जोडून मिळेल' हे तर मुळीच पटत नाही. धर्म करून त्याच्या बदल्यात काही मिळावं अशी इच्छा धरणं याला आपल्याकडे निदान म्हणतात, ते मनात रुतलेलं शल्य मानलंय. हे मी सिस्टरांना सांगितलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, जोडून मिळतं म्हणजे फ्लॅटचं कर्ज फिटतं असं नाही हो, माझं अजून नऊ वर्षं आहे. त्यांनाही त्या वाक्याचा व्यापारी अर्थ मान्य नव्हता. 'उद्याची चिंता करू नका' हे त्या वचनाच्या पुढेमागेच आहे, आणि नर्सला उद्याची ड्यूटी कुठल्या वॉर्डात लागेल ते माहीत नसतं, म्हणून आपल्याला ते उपयोगी पडतं, असं त्यांनी सांगितलं.

पण वाचताना मला एक गंमत दिसली. 'आधी' हा शब्द येशूच्या तोंडी एकदाच नाही आलेला. त्याच मत्तयात, एक अध्याय अलीकडे, तो सांगतो की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहेस आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर ते अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. म्हणजे पूजा मध्येच सोडून जायला सांगतो! पुढे सातव्या अध्यायात, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ. आणि तेविसाव्यात परूशी लोकांना सुनावतो की प्याला बाहेरून घासता, आधी आतून घासा.

या प्याल्यापाशी मी अडखळले, त्याचं कारण सांगायला लाज वाटते. सिस्टर मासे खातात म्हणून आमच्याकडे त्यांचा कप वेगळा होता. दोन वर्षं. निळ्या फुलांचा, वरच्या फळीवर. त्यांना ते ठाऊक होतं. कारण एकदा चहा झाल्यावर त्यांनी तो स्वतः विसळून नेमक्या त्याच जागी ठेवला होता. आपण पाणी गाळतो ते जिवांसाठी, आणि गाळणीतले जीव पुन्हा पाण्यातच सोडतो, हे किती सुंदर आहे. पण त्याच स्वयंपाकघरात जिवांची काळजी कुठं संपते आणि आपला तोरा कुठं सुरू होतो, ते कळेनासं होतं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांची आठवण इथं येतेच. 'स्मृतिचित्रे' मी कॉलेजात असताना वाचलं होतं, तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. बाजारातून घरी येईल ते ते धुवून घेणारे, सोवळ्यापायी सगळ्या घराला वेठीस धरणारे ते वडील. त्या सोवळ्यात वाढलेली ही मुलगी, १८६८ चा जन्म, शाळेचं तोंड न पाहिलेली. नवरा, नारायण वामन टिळक, कवी, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला ख्रिस्ती झाला आणि हिच्या पायाखालची जमीन सरकली. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग ती नवऱ्याकडे परत गेली, पण त्याचा धर्म घेऊन नव्हे. आपलं सोवळं, आपली चूल वेगळी ठेवून. आणि मग तिचं तिलाच उमगलं की माणसामाणसांतला हा भेद देवानं केलेला नाही. ती कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागली, आणि बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. प्याला आतून आधी धुतला गेला.

या वयात पुस्तक पुन्हा वाचलं तेव्हा मात्र हसू कमी आलं. टिळक मोठा माणूस होता. पण त्यांच्या घरात मला राहायला सांगाल तर मी नाही म्हणेन. धर्मांतराआधीही मनात आलं की घर सोडून निघून जायचे, आणि नंतर तर जे हातात येईल ते दुसऱ्याला. पगार हातात पडला तर घरी पोचेपर्यंत त्यातलं किती उरेल याचा भरवसा नाही. दारात आलेल्या माणसाला घरातली वस्तू उचलून द्यायची, आणि ती वस्तू घरात दुसरी नाही हे लक्षात यायचं बायकोच्या. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला, 'देवाचा दरबार' सुरू केला, आणि दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात गेले. त्यांनी देवाचं राज्य आधी शोधलं, यात शंकाच नाही. बाकीचं सगळं जोडून मिळत होतं ते लक्ष्मीबाईंच्या हातून. पीठ, मीठ, उसनवारी, आजारपणं, आलेगेले. त्या वचनात हे लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत ते असंच खरं होतं. एकाचं 'आधी' फळाला येतं ते दुसरी कुणीतरी सगळं 'नंतर'चं सांभाळते म्हणून.

तरी लक्ष्मीबाईंचं पुस्तक तक्रारीचं नाही, हे कबूल केलं पाहिजे. नवऱ्यावर इतकं मोकळेपणी हसणारी आणि त्याच्यावर इतकं प्रेम करणारी बाई मराठीत दुसरी नाही. आणि त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' तिनंच पूर्ण केलं. ज्या बाईला लिहिता येत नव्हतं तिनं नवऱ्याचं महाकाव्य शेवटाला नेलं! म्हणजे तिच्याकडे स्वतःचं 'आधी' होतंच. त्याला वेळ मिळाला तो टिळक गेल्यावर.

लूकाच्या शुभवर्तमानात दोन बहिणींची गोष्ट आहे, मार्था आणि मरिया. येशू घरी येतो. मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते आणि मार्था पाहुणचाराच्या कामात बुडालेली. ती शेवटी येशूकडेच तक्रार करते की हिला सांगा ना मला मदत करायला. येशू म्हणतो, मार्था, तू किती गोष्टींनी दगदगतेस, गरज एकाच गोष्टीची आहे. मरियेनं चांगला वाटा निवडला आहे आणि तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. मी ही गोष्ट आमच्या महिला मंडळात सांगितली तर सगळ्या एकदम मार्थाच्या बाजूनं. "मग जेवला काय तो?" एक काकू म्हणाल्या. आम्ही पोट धरून हसलो. पर्युषणात त्यागी लोकांच्या आहाराची व्यवस्था करताना प्रवचन कधी संपलं ते न कळलेल्या बायका आम्ही.

पण नंतर मला त्या गोष्टीतलं शेवटचं वाक्य जास्त मोलाचं वाटायला लागलं. काढून घेतला जाणार नाही. बाईनं गुरूच्या पायाशी बसायचं, तिच्या बहिणीनं तिला चुलीकडे ओढायचं, आणि गुरूनं सांगायचं की नाही, हिला बसू द्या. आमच्या घरात हे अभिषेकाला जातात तेव्हा त्यांना कुणी हाक मारत नाही. मारली तरी ऐकू जात नाही, कारण ते घरातच नसतात. पुरुषाचं 'आधी' घराबाहेर, दार असलेल्या जागेत असतं. माझं 'आधी' स्वयंपाकघर आणि आईंची खोली यांच्या मधल्या पॅसेजमध्ये, चटईवर. त्या रविवारी घरात दोघांनी धर्म आधी ठेवला होता, आणि प्रश्न एकीलाच विचारला गेला. हे मी ह्यांना बोलूनही दाखवलं. जरा जोरात बोलले.

एवढं सगळं खरं असूनही मी सुटत नाही. कारण त्या अठ्ठेचाळीस मिनिटांतली ती पाच-सात मिनिटं माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. पहिली हाक आली तेव्हा मनात आलं, आल्याच. दुसरी आली तेव्हा, बरोबर याच वेळेला कशी गरज लागते. मी मनातल्या मनात णमोकार जरा भरभर म्हणायला लागले, हाक बुजावी म्हणून. तत्त्वार्थसूत्रात सामायिकाचे जे अतिचार सांगितलेत त्यांत मन वाकड्या वाटेला लावणं हा एक आहे, आणि अनादर हा एक. म्हणजे मी उठून सामायिक मोडायला नको म्हणून बसले होते, ते सामायिक बसल्या जागी मोडलेलंच होतं. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्य सांगतात की सामायिकात बसलेला गृहस्थ म्हणजे अंगावर वस्त्र टाकलेला मुनीच. माझ्या अंगावर वस्त्र होतं, बाकी मुनीचं काहीच नव्हतं. बावीस वर्षांनी मिळालेली माझी हक्काची वेळ होती ती, आणि मी ती राखत होते जशी जमीन राखतात तशी. परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूवरची मूर्च्छा, हे आपण पाठशाळेत शिकतो. ती वस्तू सामायिकही असू शकते, हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच रत्नकरंडात चार शिक्षाव्रतं आहेत. देशावकाशिक, सामायिक, प्रोषधोपवास आणि वैयावृत्त्य. चौथं वैयावृत्त्य, सेवाशुश्रूषा. इतकी वर्षं ही नावं एका दमात म्हणत आले आणि दुसरं नि चौथं एकाच पंगतीला बसलेत हे ध्यानात आलं नव्हतं. एका ब्रह्मचारी दीदींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तिथलं वैयावृत्त्य संयमींसाठी आहे, मुनींच्या सेवेचं, त्यात सासू कशी बसवतेस? शास्त्राप्रमाणे त्यांचं बरोबर असेल. पण एक्याऐंशी वर्षांची बाई, आयुष्यभर रात्री पाण्याचा थेंब न घेतलेली, दहा दहा उपवास केलेली. तिच्या संयमाचं मोजमाप मी कशानं करायचं?

मार्काच्या सातव्या अध्यायात एक प्रसंग आहे, तो वाचून तर मी पुस्तक मिटलंच. त्या काळी एक रीत होती. मुलगा आईबापांना म्हणायचा, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं होतं ते मी कुर्बान केलंय, देवाला वाहिलंय. मग त्यानं आईबापांसाठी काही केलं नाही तरी चालायचं. येशू या रीतीवर तुटून पडतो. देवाचं नाव घेऊन देवाचीच आज्ञा मोडता, म्हणतो. आईंना मी दुसरं काय सांगितलं होतं? माझी अठ्ठेचाळीस मिनिटं कुर्बान आहेत.

तोच येशू दुसरीकडे, लूकाच्या नवव्या अध्यायात, 'आधी बापाला मूठमाती देऊन येतो' म्हणणाऱ्या माणसाला म्हणतो, मेलेल्यांना त्यांच्या मेलेल्यांना पुरू दे. हे मला अजूनही पचत नाही आणि मी ते पचवायच्या भानगडीत पडत नाही. सिस्टरांना विचारलं तर त्यांनी आपल्या फादरांचं स्पष्टीकरण सांगितलं, तेही काही पटलं नाही. पण आपल्याकडे तरी कुठं सरळ आहे? श्वेतांबर परंपरा सांगते की महावीरांनी गर्भात असतानाच ठरवलं होतं, आईबाप जिवंत असेपर्यंत दीक्षा घेणार नाही. आमच्या दिगंबर परंपरेत ही कथा नाही. पण आमच्यातही दीक्षार्थी आधी घरच्यांची अनुमती मागतो, क्षमा मागतो, मग केशलोच. दारातून बाहेर पाऊल टाकायच्या आधी दाराच्या आतलं मिटवायचं.

पंडिता रमाबाईंबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्यांचा संबंध आमच्या या भागाशीही आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात आल्या आणि तिथून शेकडो उपाशी मुली, विधवा बरोबर घेऊन गेल्या. त्या वेळी पुण्यात प्लेग. मग केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. रमाबाईंना दुष्काळ काय असतो ते सांगावं लागत नव्हतं. वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नान्न करून गेले होते. आधी प्रार्थना की आधी भाकरी, असा प्रश्न केडगावला पडलेला दिसत नाही. उपासनाही होती आणि माग, घाणा, छापखानाही होता. विशेष म्हणजे १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. केवढा प्रामाणिकपणा! आपल्यातलं कुणी म्हणेल का, की मला जैन धर्म मिळालाय, समता मिळायची राहिलीय?

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम घेतलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या, भाषांतर पुरं करून. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ते नऊ महिने त्या कशा बसल्या असतील लिहायला, याचा मी बरेचदा विचार करते. त्या बसण्याला मी सामायिक म्हणेन.

आई दीड महिन्यांनी घरी आल्या. वॉकर आला, पलंगाला कठडा आला. मी सगळं केलं, अगदी मनापासून केलं, पण त्या हाकांविषयी एक अक्षर बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. सामायिक मी बंदच केलं होतं. पाठ टेकली की धप्प आवाज यायचा.

भाद्रपदात दशलक्षण झालं. क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून मोबाइल वाजत होता. कमळाची चित्रं, हात जोडलेली चित्रं, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. मीही दोनशे जणांना पाठवलं, त्यांत काही नंबर कुणाचे हे मला सांगता आलं नसतं. मंदिरात जायला तयार झाले, पूजेच्या द्रव्याची थाळी हातात घेतली, आणि पॅसेजमध्ये थांबले. वेदीपाशी अर्पण ठेवून परत जाणारा तो माणूस डोळ्यापुढे आला. तो निदान देवळापर्यंत पोचला होता. मला तर तीन पावलं जायचं होतं.

थाळी तिथंच स्टुलावर ठेवली. आईंच्या खोलीत गेले. त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी पायाशी बसले आणि म्हटलं, आई, त्या दिवशी तुम्ही दोनदा हाक मारलीत, मला दोन्ही ऐकू आल्या होत्या. मी मुद्दाम उठले नाही.

त्यांनी मणी पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. तू बसलीयेस हे पहिल्यांदा विसरले. दुसऱ्यांदा हाक मारली नि मग आठवलं. म्हणून तिसरी नाही मारली. म्हटलं, हिचं आता कुठं चालू झालंय, मोडायला नको. आपलं आपण जाऊ."

मला काही बोलता येईना. त्या थोडा वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून होत्या. नंतर म्हणाल्या, "उशीर होतोय ना तुला? जाताना तो चष्मा देऊन जा."

आता हे अभिषेकाला उशिराने जातात. पहिले काही दिवस कुरकुरले, पहिली धार चुकते म्हणून. मी चटई पॅसेजमधून उचलून आईंच्या खोलीत टाकली आहे. त्या पलंगावर, मी खाली. कधी कधी मध्येच त्यांना पाणी लागतं. कधी मी उठते, कधी त्याच हातानं खुणावतात, बस. गेल्या रविवारी सिस्टर मिस्सेहून परत येताना वर आल्या, तेव्हा माझी पंधरा मिनिटं बाकी होती. त्यांनी चहा स्वतःच केला. कुठल्याशा कपात घेतला. निळ्या फुलांचा मुलानं मागेच फोडलाय.